सरळ झालेला हात

जमीन हलायला लागली त्याला आता तीन महिने होत आले होते, आणि पाड्यात कुणाला त्याचं फारसं काही वाटेनासं झालं होतं. नोव्हेंबरात पहिले धक्के बसले तेव्हा बायका पोरं काखोटीला मारून शेतात पळाल्या होत्या. आता फेब्रुवारी लागला. घरात झोपायची अजून कुणाची छाती नव्हती, पण पळणं मात्र संपलं होतं. लाहू धोडीच्या अंगणात बांबू रोवून निळी ताडपत्री ताणली होती आणि सगळा संसार तिच्याखाली आला होता: खाटा, हंडे, कोंबड्यांची टोपली आणि मधोमध त्याच्या मुलीचा, निलमचा लोखंडी पलंग, शेजारी तिची चाकाची खुर्ची.

त्या रविवारी गंजाडहून लक्ष्याकाका आला. लाहूचा हा धाकटा भाऊ. दोनदा ग्रामपंचायतीवर निवडून आलेला, तालुक्याच्या कुठल्याही ऑफिसात स्वतःच खुर्ची ओढून बसणारा. तो आला की काहीतरी ठरवूनच जायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. निलम आडवी होती ती तशीच पडून राहिली. बसवा म्हणाली असती तर तुषारदादाला हातातलं काम टाकून यावं लागलं असतं, आणि बसून तरी ऐकायचं होतं ते तेच.

“पोरीचा वर्ग बदलणार म्हणतात, खरं काय?” खाटेवर टेकता टेकता काकाने विचारलं.

“बदलणारच असं नाय. बदलू शकतो,” तुषार म्हणाला. “पुण्याला स्पर्धेच्या आदल्या दिवशी परत तपासणार हायत तिला.”

तुषार निलमचा मोठा भाऊ. तलासरी ते डहाणू प्रवाशांची ईको गाडी चालवायचा, आणि कुठं पोहण्याची स्पर्धा असली की मागच्या सीटा काढून बहिणीला घेऊन जायचा.

“परत कशाला?”

“तिचा उजवा कोपर सरळ होतो म्हणून. मागच्या स्पर्धेत एका तपासनिसाने पाहिलं.”

काकाला हे समजायला थोडा वेळ लागला. अपंगांच्या पोहण्यात अंगात किती जोर शिल्लक आहे त्यावरून वर्ग पाडतात. निलमच्या मानेखालचं सगळं अर्धमेलं होतं. पाय नाहीतच जमेला, बोटं मिटत नाहीत, हात खांद्यातून फिरतात तेवढेच. तिच्या वर्गातल्या मुली साधारण तिच्यासारख्याच, आणि त्यांच्यात ती दोन वर्षं पहिली येत होती. पण गेल्या पावसाळ्यापासून तिच्या उजव्या दंडाच्या मागच्या बाजूला काहीतरी जागं झालं होतं. वाकलेला हात ती स्वतः सरळ करू शकत होती. एवढ्यानं तिला वरच्या वर्गात ढकलणार होते. तिथल्या मुलींचे दोन्ही हात चालतात, काहींची बोटंसुद्धा. त्यांच्यापुढे तिचा निभाव लागणं शक्य नव्हतं.

“म्हणजे बरी होतेय म्हणून शिक्षा?” काका हसला. मग हसणं आवरून पुढे झुकला. “हे बघ लाहू, मी पालघरला बोलून आलोय. खेळाडूंच्या कोट्यातली एक जागा निघतेय. बसून करायचं काम. यंदाचं पदक पायजे, बस. पदक नाय तर आपल्याला कोण इचारतो? तिथं हात सरळ करायचा नाय. सोपं आहे.”

चूल फुंकत बसलेली चिमी, निलमची आई, फुंकायची थांबली.

पहिल्यांदा तोंड उघडलं ते वर्षाने. तुषारची बायको, उपकेंद्रात नर्स. “काका, मुद्दाम ताकद लपवली असं कळलं तर बंदी घालतात. मग ना पदक, ना नाव.”

“कळेल कसं? हात तिचा आहे. आतलं डॉक्टरला काय दिसतं?”

“दिसतं. त्यांचा तोच धंदा आहे.”

“वर्षा,” तुषार म्हणाला. नुसतं नाव घेतलं, पण ती गप्प झाली.

मग लाहू बोलला. जंगलखात्यात वनरक्षक म्हणून उभा जन्म काढलेला माणूस; झाडाची एक फांदीसुद्धा त्याने कधी कुणाला चोरून तोडू दिली नव्हती. त्याच्या तोंडून निलमला वेगळं काहीतरी ऐकायचं होतं. तो म्हणाला, “आम्ही दोघं किती दिवस? माझे गुडघे गेले. आईची पाठ गेली. उद्या आम्ही नसलो की तुषारच्या गळ्यात हिला टाकून जायचं काय? स्वतःची खुर्ची, स्वतःचा पगार असला तर कोण हिला ओझं म्हणणार नाय.” त्याने मान वर केली नाही. “हे बरं नाय, मला कळतं. पण करूया.”

निलम ताडपत्रीच्या पोटाकडे बघत होती. ऊन तिच्यातून गाळून निळसर खाली पडत होतं. पाण्यात उताणं पडलं की वर असंच दिसायचं.

दोन हजार चौदाच्या मे महिन्यात, सतरा वर्षांची असताना, तिने वरोळी नदीच्या डोहात सूर मारला होता. तीच जागा, तोच खडक, लहानपणापासून मारत आलेला सूर. त्या वर्षी पाणी आटलं होतं एवढंच. तुषारने तिला बाहेर काढलं. तेव्हापासून तिला उचलायचं काम त्याचंच झालं. मुंबईच्या इस्पितळातून घरी आणली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नाही, काहीही होऊ शकतं, आणि काही न होणंही शक्य आहे. पुढे मसोलीच्या वसुमतीबाईंनी, शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिकेने, तिला कोसबाडच्या एका चिकूवाडीतल्या पाण्याच्या टाकीत उतरवलं. मालक त्यांच्या ओळखीचा. त्या दिवशी चिमी स्वतः गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहिली होती, पोहता येत नसताना. तिने निलमच्या मानेखालचा हात काढला, आणि निलम तरंगली. कुणाचाही हात अंगाला न लागता ती तेव्हा, अपघातानंतर, पहिल्यांदा कुठेतरी होती.

त्यानंतर शिट्ट्या आल्या, वेळा आल्या, हार आले, फोटो आले. घरातल्या प्रत्येकाचा दिवस तिच्या पोहण्याभोवती बांधला गेला. आणि आपण दमलोय हे म्हणायची सोय उरली नाही. कारण तिच्यापेक्षा बाकीचे जास्त दमलेले दिसायचे.

“बरं,” ती म्हणाली. “नाय करत सरळ.”

सगळे तिच्याकडे वळले. काकाने मांडीवर थाप मारली. “बघ! पोरगी शाणी आहे.” मग त्याला नवीनच सुचलं. “पण सवय पायजे. तिथं जाऊन हात हलला तर? चल, मी डॉक्टर.”

तुषारने तिला उठवून पाठीला उशा लावल्या. काकाने तिचा उजवा हात धरला, कोपरात वाकवला, मनगटावर आपला पंजा ठेवला. “ढकल मला.”

तिने ढकललं नाही. पण हात हलला. काकाचा पंजा बोटभर मागे गेला.

“अगं, नाय ना ढकलायचं.”

“मी नाय ढकललं.”

“ढिला सोड, निलम,” तुषार म्हणाला. “झोपेत असतो तसा.”

पुन्हा. पुन्हा. दंडातला तो बारीकसा स्नायू हुकूम ऐकत नव्हता. कोणी दाबलं की उलटं दाबायचं एवढंच त्याला शिकवलेलं होतं, आणि शिकवणी मोठी होती. काका चिडायला लागला, मग हसायला लागला. शेवटी निलमने डोळे मिटले. आपला हात दुसऱ्याच कुणाचा आहे असं मनाशी धरलं, आणि हात मेल्या कोंबडीच्या मानेसारखा लोंबकळला.

“हां! असा!” काका ओरडला. “आणखी एकदा.”

“पुरे,” चिमी म्हणाली.

ती चुलीपुढून उठली होती. चिमी फारशी बोलणारी बाई नव्हती. दिराच्या तोंडावर तर कधीच नाही. ती पलंगाजवळ आली, काकाच्या हातातून निलमचा हात सोडवून घेतला आणि स्वतःच्या ओटीत धरला.

“ह्यो हात मी चोळलाय,” ती म्हणाली. “सकाळ-सांज. भात लावायच्या दिवसांत कंबर मोडून आले तरी चोळलाय. पयलं हालला तवा मी कुणाला बोलले नाय, दृष्ट लागंल म्हणून. आणि तुमी त्याला मरायला शिकवताय?”

“चिमे,” लाहू म्हणाला, “तिच्याच भल्यासाठी…”

“मला भलं कळत नाय. मला हात कळतो.”

तेवढ्यात जमीन हलली. खालून कुणीतरी दरवाजा ठोठावावा तसा आवाज आला, हंडे एकमेकांवर खणखणले, घराच्या भिंतीतून थोडी माती ओघळली. कोंबड्या फडफडल्या. कुणीही उठलं नाही. काकाने तेवढा पलंगाचा दांडा धरला. थरथर थांबल्यावर तो म्हणाला, “मोठा होता हा,” आणि वर्षा म्हणाली, “कालचा मोठा होता.”

चहा झाला. बोलणं पुढे सरकलं नाही, पण ठरलं ते मोडलंही नाही. जाताना काका लाहूला फाटकापर्यंत घेऊन गेला. दोघं भाऊ बराच वेळ तिथं उभे होते.

दुसऱ्या दिवशी वर्षा निलमला न्हाऊ घालत होती. तिच्या हाताला रोजच्या कामाची घाई असायची. आज ती हळू होती.

“मी काल बोलले ते तुझ्या बाजूने बोलले असं समजू नकोस,” ती म्हणाली. “मलाही ती नोकरी हवीय. तुला लागली तर आम्ही दोघं सुटू. खोटं कशाला बोलू?”

“मग मधे का पडलीस?”

“भीती वाटली. पकडली गेलीस तर पेपरात येईल.” वर्षाने तिच्या केसांतून पाणी निपटलं. “आणि आई म्हणाल्या त्यानंतर मला झोप नाही आली. मीसुद्धा सांगते ना रोज बायकांना, बाळाचे पाय चोळा, ताकद येईल.”

“वहिनी, मी दमलेय गं.”

वर्षाने टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला आणि मागे बसून त्याच्या टोकाने तिचे केस पुसायला घेतले.

पुण्याला तुषार, चिमी आणि निलम गेली. वसुमतीबाई आधीच रेल्वेने पोचल्या होत्या. त्यांना घरातलं बोलणं कुणी सांगितलं नव्हतं, पण तुषारने बाईंच्या नजरेला नजर दिली नाही तेव्हा त्यांना काय समजायचं ते समजलं असावं. “तुला हवं ते कर,” एवढंच त्या निलमला म्हणाल्या. “मला मागून काही सांगू नकोस.”

तपासणीच्या खोलीत एक डॉक्टरबाई आणि एक तरुण मदतनीस. दाराशी तुषार. चिमी बाहेर बाकावर. डॉक्टरबाईंनी पाय पाहिले, पोट पाहिलं, डावा हात पाहिला. मग उजवा हात कोपरात वाकवून मनगट धरलं.

“ढकला.”

निलमने डोळे मिटले. हात दुसऱ्या कुणाचा आहे असं मनाशी धरायला गेली. घरी जमलं होतं. इथे जमेना. प्रवासाने अंग आंबलं होतं, मान दुखत होती, आणि हात लपवायचा म्हणजे सगळं लक्ष त्या एका जागी आवळून धरायचं. नंतर पाण्यातल्या तपासणीत पुन्हा, शर्यतीत पुन्हा, पुढच्या वर्षी पुन्हा. इतकं सांभाळायला तिच्यापाशी काही उरलं नव्हतं. तिने डोळे उघडले. दाराशी दादा उभा होता. त्याने अगदी बारीक मान हलवली: नको.

तिने ढकललं. डॉक्टरबाईंचा हात मागे गेला. त्यांनी पुन्हा जोर लावला आणि तिने पुन्हा ढकललं.

“छान आहे की,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरंच कौतुक होतं. “कोण व्यायाम करून घेतं?”

“आई.”

संध्याकाळपर्यंत वर्ग बदलल्याचं कळलं. तुषारने ते वाचलं आणि तो गाडीत जाऊन बसला. चिमीने फक्त विचारलं, “मंग उद्या पवायचं का नाय?”

“पोहायचं,” निलम म्हणाली. आलोच आहोत तर.

शर्यत पाठीवर पोहायची होती, तरणतलावाची एकच लांबी. तुषारने तिला पाण्यात उतरवलं, तिचे पाय भिंतीला धरून ठेवले, इशारा झाल्यावर सोडले. सोडताना तो काही बोलला नाही. पहिल्या चार-दोन हातांतच बाकीच्या मुली पुढे गेल्या. त्यांच्या लाटा तिच्या तोंडावर आल्या, नाकात पाणी गेलं. मग लाटा विरल्या. मग तलावात ती एकटीच उरली. दोन्ही हात एकदम डोक्यामागे न्यायचे, एकदम खाली ओढायचे. उजवा आता शेवटपर्यंत पाणी रेटत होता, डावा अर्ध्यातच सुटत होता, त्यामुळे ती सारखी एका बाजूला जायची आणि दोरीला घासायची. वर छताचे लोखंडी पट्टे सरकत होते, फार हळू. काठावरून एक माणूस तिच्या बरोबरीने चालत येत होता. ती बुडेल असं वाटलं असावं. तो वाकला.

“हात लावू नका,” ती म्हणाली. तोंडात पाणी गेलं तरी पुन्हा म्हणाली. कुणी हात लावला तर शर्यत बाद.

टाळ्या वाजायला लागल्या. त्या टाळ्या तिला नको होत्या. पडलेल्याला वाजवतात तशा त्या होत्या. शेवटी डोकं भिंतीला टेकलं. तुषार तिथं आधीच येऊन बसला होता. त्याने तिला बगलेत धरून बाहेर ओढलं.

परतीच्या वाटेवर घोडबंदर मागे पडलं. मनोर गेलं, चारोटी आली. मागे चिमीला डुलकी लागली होती. तुषारने एका टपरीपाशी गाडी उभी केली, दोन चहा आणले, आणि निलमच्या तोंडाशी पेला धरला. ती प्यायली.

“रागावलास?”

“नाय.” त्याने महामार्गाकडे पाहिलं. ट्रक गुजरातकडे धावत होते. “वापीला एका कारखान्यात बोलावलंय मला. कंपनीची बस चालवायला. राहायला खोली देतात. दिवाळीपासून बोलावतायत.”

“मग?”

“मग काय. तुला पदक मिळालं असतं, नोकरी लागली असती, तर गेलो असतो. म्हणून काकाच्या बाजूने होतो. तुझ्यासाठी नव्हतो.” थोडं थांबून तो म्हणाला, “मी दमलो, निलम. तुला उचलून नाय. रोज मीच उचलणार, हे माहीत असण्याने.”

“मी पण दमले,” ती म्हणाली. “मला शर्यत नको आता. पाणी पायजे, शर्यत नको. किती दिवस झाले सांगेन म्हणते.”

तुषारने तिच्याकडे पाहिलं. मग त्याला हसू फुटलं, कसंनुसं, आणि तिलाही. दोघांना एकमेकांची कीव करायची इतकी सवय झाली होती की ही साधी गोष्ट बोलायला पाच वर्षं गेली. मागून चिमी डोळे न उघडता म्हणाली, “चा मला पण आण.”

घरी पोचली तेव्हा दिवस कलायला आला होता. ताडपत्रीखाली लाहू बसला होता, आणि लक्ष्याकाकाही. वर्ग बदलल्याचं काकाला फोनवर कळलेलं होतं. त्याने बसल्या जागेवरून विचारलं, “किती जणींत कितवी?”

“शेवटची,” निलम म्हणाली.

काकाने कपाळावर हात मारला. “पालघरला आता कुठल्या तोंडाने जाऊ मी?”

“नको जाऊ, काका. मी स्वतः जाईन, जागा निघेल तेव्हा परीक्षा देईन. नाय लागली तर नाय.” तुषारने तिला पलंगाच्या कडेला बसवलं होतं. तिने थोडा श्वास घेतला, कारण पुढचं तिलाच बोलायला हवं होतं. दादा ते बोलला नसता. “बाबा, दादाला वापीला काम मिळालंय. वहिनी आणि तो तिकडे जातील.”

वर्षा हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली. लाहू आधी मुलाकडे, मग मुलीकडे पाहत राहिला.

“आणि तुला उचलील कोण?” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

“वहिनी, ती फळी दे.”

इस्पितळाने दिलेली गुळगुळीत लाकडी फळी पलंगाखाली पडून होती. पलंगावरून खुर्चीत सरकायची ती फळी. आजवर तिचा उपयोग झाला नव्हता, कारण दंडात जोर नसेल तर ती असून नसल्यासारखी. वर्षाने फळीचं एक टोक निलमच्या मांडीखाली सारलं, दुसरं खुर्चीवर टेकवलं, खुर्चीची चाकं अडकवली.

निलमने उजव्या हाताचा तळवा फळीवर टेकवला. बोटं मिटत नव्हती, ती तशीच आडवी राहिली. मग तिने कोपर सरळ केला आणि ताठ धरला. सगळा भार त्याच्यावर घेतला. कंबर जरा उचलली गेली, इंचभर सरकली, आणि खाली बसली. पुन्हा. हात थरथरत होता. घाम तिला येत नसे, अपघातापासूनच. नुसता चेहरा लाल झाला. तोल गेला तेव्हा चिमीचा हात पुढे आला.

“थांब, आई.”

चिमीने हात मागे घेतला आणि पदरात गुंडाळून धरला. काका काहीतरी म्हणायला गेला, लाहूने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तुषार खांबाला टेकून उभा होता. त्याचे दोन्ही हात मोकळे होते, आणि ते कुठं ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं.

पलंग आणि खुर्चीच्या बरोबर मधोमध, फळीवर, निलम थांबली. पुढचं अर्धं तेवढंच बाकी होतं. तिने मान खाली घालून दम घेतला. चुलीवरची भाकर करपायला लागल्याचा वास आला, तरी कुणी उठलं नाही.

“घाई नाय,” लाहू म्हणाला. “सावकाश ये.”